चप्पल गेली आणि कळलंच नाही: एका पायाचं प्रकरण

2024च्या गणपतीतली गोष्ट. पुढे माझ्याकडे पेशंट म्हणून आलेले एक काका आणि काकू पुण्यात देखावे बघायला निघाले. तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग असं करत मंडईपर्यंत गेले आणि रात्री साडेअकराला नारायण पेठेत घरी परतले. दारात चपला काढताना काकू म्हणाल्या, "अहो, डावी कुठंय?" उजव्या पायात निळ्या पट्ट्याची सपात होती. डावा पाय अनवाणी, तळवा काळाकुट्ट आणि टाचेत काचेची बारीक कपची. सपात मंडईत निसटली की लक्ष्मी रोडवर, काकांना सांगता येईना. ती निसटली हेच त्यांना दारात कळलं.

घरात यावर दोन महिने हशा चालला. पुणेकराची चप्पल देवळाबाहेरून जाते, पायातून नाही, असं मुलगा म्हणायचा. काकाही हसायचे.

मी हा किस्सा ऐकला जानेवारीत, आणि मला हसू आलं नाही. मधुमेहाच्या पायांचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. "चप्पल निसटली तरी समजत नाही" हे वाक्य पेशंटच्या तोंडून आलं की आम्ही पुढचं सगळं बाजूला ठेवतो. पायाची जाणीव गेल्याची याहून स्वस्त तपासणी नाही.

मी पादत्राणं बनवतो. शिक्षण कृत्रिम अवयव आणि ऑर्थोसिसचं, म्हणजे हातापायांना आधार देणाऱ्या साधनांचं आहे, पण पेठांत लोक मला चपलांवाला म्हणतात आणि त्यात चुकीचं काही नाही. हे प्रकरण काकांना विचारून लिहितो आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लिहिण्याचं कारण एवढंच की यात मी दोनदा चुकलो, आणि दुसरी चूक माझ्यासारख्याने करायला नको होती.

काकांचं वय 66, बँकेतून निवृत्त, मधुमेह सोळा वर्षांचा. गोळ्या वेळेवर, गोड मात्र सणावारी सैल. धनत्रयोदशीला त्यांनी नवी कोल्हापुरी घेतली. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे एक नंबर घट्ट दिली, "चामडं आहे, चार दिवसांत सैल होईल." हा सल्ला खोटा नाही. वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं चामडं पायाच्या आकाराला येतंच. तोवर चप्पल चावते, माणूस खोबरेल लावतो, दोन दिवस जुनी चप्पल घालतो, मग पुन्हा नवी. हा सगळा व्यवहार दुखण्यावर चालतो. काकांना चप्पल चावलीच नाही. त्यांना वाटलं, काय मऊ जोड मिळाला यंदा!

पाडव्याला, 2 नोव्हेंबरला, काकू त्यांच्या पायाला तेल-उटणं लावत होत्या. डाव्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बोट गेलं तेव्हा ते ओलं लागलं. बेचकं फाकवून बघितलं तर आत पांढुरकी कड असलेली, हरभऱ्याएवढी जखम. वासही होता. काका पाटावर बसून विचारत होते, "काय झालं?"

पुढचा भाग डॉक्टरांचा, म्हणून थोडक्यात सांगतो. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघितला, रक्तपुरवठा चांगला होता, आणि हेच काकांचं नशीब. मेलेली कातडी काढली, प्रतिजैविकं दिली, ड्रेसिंग केलं, पायावर भार टाकू नका म्हणून सांगितलं. सात आठवड्यांत जखम भरली. माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर एकच ओळ होती: पुन्हा होऊ नये असं काहीतरी करा.

ही ओळ लिहायला सोपी आहे. मधुमेहातली पायाची जखम भरली की साधारण दहापैकी चार जणांना वर्षाच्या आत ती पुन्हा होते.

पिशवीतले सात जोड

नव्या पेशंटला मी एक गोष्ट हमखास सांगतो: घरात तुमच्या जेवढ्या चपला-बूट आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा. नव्या, जुन्या, माळ्यावरच्या, बाथरूमच्या, सगळ्या. पाय खोटं बोलू शकतो, म्हणजे दुखत नाही म्हणू शकतो. चप्पल नाही बोलत. काकांच्या पिशवीतून सात जोड निघाले. खरं तर साडेसहा, कारण त्या निळ्या सपातेची उजवी त्यांनी टाकली नव्हती. डावी सापडली तर, म्हणून!

सुरुवात तिच्यापासूनच केली. सपात म्हणजे हवाई चप्पल: रबराचा तळ, वाय आकाराचा पट्टा, बेचक्यात रुतणारी खुंटी. मागे काही नाही. ती पायात राहते ती तळाच्या बळावर नाही, बोटांच्या पकडीवर. तुम्ही आम्ही सपात घालून चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला बोटं नकळत आवळतात. ज्याच्या बोटांना तळ लागलेलाच समजत नाही, त्याने काय आवळावं? काकांच्या उजव्या सपातेवर अंगठ्याचा ठसा खोल होता आणि बाकीच्या चार बोटांच्या जागी रबर जवळजवळ कोरं. म्हणजे बोटं तळावर टेकतच नव्हती. पाय पालथा करून बघितला तर बोटं पंजासारखी वर चढलेली. पायातले छोटे स्नायू सुकले की असं होतं, मग सगळा भार चवड्यावर येतो. काकांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा घट्टा होता. तो त्यांना "पूर्वीपासूनचा" वाटत होता.

मग कोल्हापुरी. ती हातात घेतल्यावर मला नेहमी दोन मनं होतात. कारागिरी म्हणून तिच्यापुढे हात जोडावेत. खिळा नाही, सगळं वादीने शिवलेलं. कान, पट्टा, वेणी, अंगठा हाताने बसवलेला. 2019मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, कारण सीमा आखण्याच्या आधीपासून हे काम दोन्हीकडे चालत होतं. कापशी, पायताण, बक्कलनाली अशी तिची घराणी आहेत. पण बधिर पायासाठी याच चपलेत तीन अडचणी. तळ कडक, त्यामुळे चवड्यावरचा दाब कुठे पसरत नाही. मागे पट्टा नाही. आणि अंगठ्याची कडी, जी बाकी सगळ्यांसाठी तिची शान आहे, ती बेचक्याला घासत राहते. काकांच्या नव्या जोडावर डाव्या कडीच्या आतल्या बाजूला तपकिरी वाळका डाग होता. पाव इंचाचा. मी तो नखाने खरवडून काकूंना दाखवला, आणि लगेच वाटलं, दाखवायला नको होता.

बाकीच्यांवर फार वेळ गेला नाही. एक मागच्या पट्ट्याचे फ्लोटर्स, वेलक्रोचे, पिशवीत सगळ्यांत बरे. फक्त आत शिवणीची गाठ वर आलेली आणि वेलक्रोत केस-धागे अडकून तो लागेनासा झालेला. एक क्रॉक्सच्या तऱ्हेचा जोड, नातवाने दिलेला: पुढून ऐसपैस, पण दोन नंबर मोठा, आत पाय होडीसारखा हलणारा. लोकांना वाटतं मधुमेहाला सैल चप्पल चांगली. सैल चप्पलही घासते. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त, एवढंच सैलपण हवं. लग्नाकार्याची काळी सँडल, टाचेला बक्कल, ठीक. बँकेतले बूट, तळ दगड झालेले. आणि बाथरूमची प्लास्टिकची चप्पल, टोचऱ्या दाण्यांची, "ॲक्युप्रेशर" म्हणून विकतात ती. ही मी परत दिली नाही. बधिर पायाखाली दाणे ठेवणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालण्यासारखं आहे.

तपासणीत नायलॉनचा एक जाडसर केस असतो. तो टेकवून वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून काकांनी "हो" म्हणायचं होतं. डावा अंगठा, चवड्याची आतली बाजू, बाहेरची बाजू: काहीच नाही. मधेच मी केस न टेकवता विचारलं, "आता?" काका म्हणाले, "हो." त्यांना "हो" म्हणायचं होतं फार.

पहिला जोड

एमसीआर, म्हणजे बारीक बुडबुड्यांचं मऊ रबर, हे आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी रुळलं. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी एक गोष्ट पटवून दिली होती: बधिर पाय रोगाने सडत नाहीत, वेदना नसल्यामुळे माणूस ते जखमी करत राहतो. म्हणून असा तळ हवा जो पायाच्या वतीने मऊ वागेल. मधुमेहाच्या पायांनी ही चप्पल तिथून उचलली. रबर किती मऊ हवं त्याचं मोजमाप आहे, शोअर मापकावर 15 ते 20. बाजारात "एमसीआर" म्हणून विकली जाणारी पुष्कळ रबरं त्याहून कडक असतात. अंगठ्याने दाबून बघा, बोट रुतायला हवं आणि रबर हळूच वर यायला हवं. हे मऊ रबर एकटं ठेवलं तर लवकर चेपतं, म्हणून खाली कडक थर द्यावा लागतो. काकांना मी त्याखाली पुढून वर उचललेला रॉकर दिला, म्हणजे पाऊल टाकताना चवडा न मुडपता पुढे घरंगळतो. वर दोन रुंद वेलक्रो पट्टे, मागे एक. बेचक्यात काही नाही. माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय सुजतो.

जोड उत्तम झाला होता. रंग काळा. मी खूश होतो.

पाच आठवड्यांनी काका आले ते घट्टा परत घेऊन. या वेळी घट्ट्याच्या मधोमध काळसर ठिपका. आत रक्त साकळलं होतं; जखमेची ही पायरी. मी म्हटलं, चप्पल दाखवा. उलटी केली तर तळाच्या खाचा जशा कापल्या तशा. आतल्या रबरावर अंगठ्याचा ठसा नाही. टाचेपाशी मी खडूने लिहिलेला "डा" तसाच होता.

"काका, ही घातलीत का?"

"घातली की. डॉक्टरांकडे येताना."

मग थोडं थोडं बाहेर आलं. पर्वतीच्या पायथ्याला त्यांचा सकाळचा कट्टा आहे. पहिल्याच दिवशी एका मित्राने विचारलं, "काय रे, पाय गेला का?" दुसऱ्याने आवाज खाली करून विचारलं, "ही चप्पल... तसलं काही नाही ना?" त्या पिढीने ही काळी चप्पल कुष्ठधामांत बघितली आहे. काका घरी आले आणि जोड कपाटात गेला. त्यांनी काकूंनाही कारण सांगितलं नाही, "जड आहे" म्हणाले.

ही माझी पहिली चूक. पाय मोजला, माणूस मोजला नाही. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं आणि आपण नेहमी पेशंटला "ऐकत नाही" असं म्हणून मोकळे होतो.

दुसरा जोड मी त्यांना समोर बसवून केला. आतला तळ तोच, मापं तीच. वरचे पट्टे मात्र कोल्हापुरीच्या रंगाच्या चामड्याचे, आतून मऊ अस्तर, वेलक्रो पट्ट्याच्या घडीखाली लपवलेला. पुढच्या पट्ट्यावर एका ओळखीच्या कारागिराकडून वेणी गुंफून घेतली. अंगठ्याची कडी द्या, नुसती दिसायला, असा काकांनी हट्ट धरला. तिथे मी नाही म्हटलं. वेणीच्या शेवटी बारका लाल गोंडा देतो, म्हटलं. सौदा झाला.

हा जोड चालला. कट्ट्यावर कुणीतरी कुठून घेतली म्हणून विचारलंसुद्धा. जूनमध्ये, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच सुमारास, मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्याची बातमी आली. आधी कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं, मग गदारोळ झाल्यावर प्रेरणा तिथली असल्याचं कंपनीने मान्य केलं. काका कात्रण घेऊन आले. "बघा. मिलानला चालते. नारायण पेठेत चालत नाही." मी म्हटलं, तिकडे रॅम्पवर किती चालतात, वीस पावलं? वीस पावलं तुम्हीही चाला.

हसत हसत पाय वर घेतला. घट्टा पुन्हा होता.

घर

जोड या वेळी कपाटात पडून नव्हता. तळ झिजलेला, आत पाचही बोटांच्या खुणा. मग घट्टा कुठून आला? मी रॉकर तपासला, रबर दाबून बघितलं, मापं पुन्हा घेतली. अर्धा तास असा गेला. काकू शेवटी कंटाळून म्हणाल्या, "अहो, पण ही चप्पल दारातच असते."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात कोण चप्पल घालतं?"

इथे मी पेन खाली ठेवलं. बारा वर्षं हे काम करतो, माझ्या स्वतःच्या घरात दारात चपलांचं कपाट आहे, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. काकांच्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय होती. आठवडाभर फोन खिशात ठेवायला सांगितला आणि बाहेर पडताना, आत येताना आकडा वहीत लिहायला सांगितला. बँकेतला माणूस, वही छापील असावी तशी आली. दिवसाला सरासरी सव्वाआठ हजार पावलं, त्यातली जवळपास साडेपाच हजार घरात. पावसामुळे ते संध्याकाळचं चालणं पॅसेजमध्ये, येरझाऱ्या घालून करत होते. शहाबादी फरशीवर. अनवाणी.

नेदरलँड्समध्ये 2013मध्ये एक अभ्यास झाला होता, ज्यांना पायाची जखम होऊन गेली अशा लोकांच्या चपलांत मापक बसवून. बाहेर त्यांची 87 टक्के पावलं चपलेत पडत होती, घरात 61 टक्केच, आणि जास्त पावलं घरातलीच होती. डच माणूस घरात बूट घालू शकतो. आपल्याकडे 61 कुठला, शून्य! मी हा अभ्यास वाचलेला होता. व्याख्यानात सांगितलेलाही होता.

घरातली चप्पल बनवणं सोपं, ती घरात नेणं अवघड. काकूंचा पहिला प्रश्न: चामडं आहे का? नाही, कापडाचे पट्टे देतो. दुसरा: बाहेर जाणार का? नाही, उंबऱ्याच्या आतच, आणि तळ धुता येईल. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, नुसतं देवघराकडे बघितलं. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि "आरोग्य आधी" वगैरे म्हणायची हिंमतही नव्हती, कारण माझ्या आईने मला तसं म्हणू दिलं नसतं. तोडगा काकूंनीच काढला. देवघराच्या तोंडाशी खुर्ची, खुर्चीपुढे दुमडलेली गोधडी. काका खुर्चीत बसून चप्पल काढणार, पाय गोधडीवर, पूजा बसूनच. उठायच्या आधी पायात चप्पल. एक पाऊलही अनवाणी नाही. देवळांबाबत त्या म्हणाल्या, "कळसाचं दर्शन घ्या. लाखो वारकरी कळसाला हात जोडून परत फिरतात, तुम्ही काय मोठे लागून गेलात?" हे मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तर तिसरा जोड: वर राखाडी कॅनव्हास, आत तेच मऊ रबर, खाली हलका फोम, मागे पट्टा. ऑगस्टच्या शेवटी दिला. मधल्या काळात दर तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे घट्टा सोलून घेणं चालू होतं; ते घरी ब्लेडने करायचं नाही, हे काकांकडून मी चक्क लिहून घेतलं. काकूंचं काम रोज रात्री तळवे आणि बेचकी बघायचं, पाडव्याची वाट न बघता. जोड घालण्याआधी आत हात फिरवायचा, कारण खडा असला तरी काकांना लागणार नाही.

डिसेंबरात घट्टा अर्ध्याहून कमी होता, ठिपका नाही. जाणीव मात्र परत आलेली नाही, येणारही नाही. नायलॉनच्या केसाला उत्तर तेच. बाहेरच्या जोडाचं रबर चवड्याखाली बसलं होतं, ते बदललं; सहा-आठ महिन्यांनी बदलावंच लागतं.

त्याच भेटीत काकांनी जरा लाजत विचारलं, "यात करकर घालता येईल का हो?"

जुन्या कोल्हापुरीत तळाच्या थरांमध्ये काहीतरी घालून करकर आणायची पद्धत होती, चालणाऱ्याची वर्दी आधी लागावी म्हणून. मी नाहीच म्हणणार होतो. बधिर पायाखाली थरात काही घालणं म्हणजे मीच घट्टा पेरणं. मग गणपतीतली सपात आठवली. ज्याला चप्पल पायात आहे की नाही ते समजत नाही, त्याला ती ऐकू आली तर? टाचेखाली, कडक फळीच्याही खाली, जिथून दाब वर येत नाही अशा जागी रेक्झिनचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून बसवले. पहिल्या दोन खेपांना आवाज बदकासारखा आला. तिसऱ्यांदा जमला.

आता काकूंचं म्हणणं असं की घरात दिवसभर चर्र-चर्र चालतं, दुपारी डोळा लागत नाही. पण पॅसेजमधला आवाज थांबून पावलं नुसती वाजायला लागली की त्या स्वयंपाकघरातूनच ओरडतात, "चप्पल!"